कुलूपबाईचा मासा

“परवाच बदलला ना रे मेल्या तुझा पासवर्ड? आता परत काय दुखतंय तुझं?”

अक्का कॉम्प्युटरशी बोलत होत्या. आवाज हळूच होता, पण मधली भिंत प्लायवुडची आणि भिंतीला लागून कुलूपबाईची खुर्ची. “मोठं अक्षर हवं, बारीक अक्षर हवं, आकडा हवा, वर एक चिन्ह हवं. माझ्या स्थळांनीसुद्धा एवढ्या अटी घातल्या नव्हत्या.”

पलीकडे कुलूपबाई हसली नाही. तिनं वही ओढली आणि लिहिलं: अक्का, पासवर्ड, या महिन्यात तिसऱ्यांदा.

अक्का तिची नणंद. थोरली, बिनलग्नाची, आईबाप गेल्यावर धाकट्या भावाला अंगाखांद्यावर वाढवलेली. बारा वर्षांपूर्वी भावजय घरात नुसती बसून कोमेजते आहे हे बघून अक्कांनीच तिला इथे आणून चिकटवली होती. “कागद लावायला कुणीतरी हवंय,” एवढंच सांगून. कागद लावता लावता ती कॉम्प्युटर शिकली. शिकवायला कुणी नव्हतं. बंद पडलेली यंत्रं उघडून, रात्रीचा स्वयंपाक उरकून व्हिडिओ बघून, चुकत माकत शिकली. आता नऊ कॉम्प्युटर, एक सर्व्हर आणि त्यांच्यामधल्या सगळ्या तारा तिच्या ताब्यात होत्या. जिथे तिथे कुलपं घालते म्हणून लोक तिला कुलूपबाई म्हणायचे. समोर ‘मॅडम’, मागे कुलूपबाई. तिला मागचं नाव जास्त आवडायचं.

ही कार्यशाळा कृत्रिम पायांची. हॉस्पिटलकडून पेशंटची मापं मेलनं यायची, किंवा पेशंट स्वतः कुबड्या टेकत यायचा आणि त्याच्या उरलेल्या पायाभोवती एक कॅमेरा फिरवला जायचा. त्या मापावरून मशीन सॉकेट कोरायचं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. ती वाटी केसभर चुकली की माणूस दहा पावलांत रडतो. म्हणून मापं हाच इथला जीव. पूर्वी प्रत्येक पेशंटचा प्लास्टरचा साचा असायचा. माळ्यावर पाचशे पांढरे पाय रांगेनं उभे. पावसाची गळती लागली की ओले व्हायचे, उंदीर कुरतडायचे. दोन वर्षांपूर्वी कुलूपबाईनं साहेबांना पटवलं की आता सगळं सर्व्हरवर आहे, माळा रिकामा करा. प्लास्टरकाकांनी ते पाय स्वतःच्या हातांनी हातोड्यानं फोडले. ते काम दोन दिवस चाललं. काकांचा स्वतःचा डावा पायही इथेच बनलेला. त्याचा साचा फोडताना ते म्हणाले, “चला, स्वतःच्याच पायावर धोंडा घालायचं भाग्य किती जणांना मिळतं!” आणि सगळे पोट धरून हसले होते.

हसायची इथे चांगली सवय होती. मासा आला तोही हसण्यातूनच.

झालं असं, की फायली कुलपात घालून किल्लीसाठी खंडणी मागणारे चोर वाढले होते. शहरातल्या एका दवाखान्याचं कंबरडंच मोडलं होतं. कुलूपबाई घाबरली, आणि घाबरली म्हणून अभ्यासाला लागली. अभ्यासात तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. चोर भिंत फोडत नाही, कुणीतरी दार उघडतं तेव्हाच आत येतो. खोटी मेल येते, माणूस त्यावर बोट दाबतो, झालं. मग तिनं स्वतःच खोट्या मेली बनवून पाठवायला सुरुवात केली, कोण गळाला लागतंय ते बघायला. जो लागेल त्याच्या टेबलावर आठवडाभर रबरी मासा. हिरवा, डोळे बटबटीत, पोट दाबलं की ‘च्यूं’ करणारा. खेळण्यांच्या दुकानात तो दिसला तेव्हा तिला स्वतःच्या कल्पनेचं फार कौतुक वाटलं होतं.

मासा वर्षभरात सगळीकडे फिरला. पट्टे शिवणाऱ्या शिवणकरणीकडे एकदा, काकांकडे दोनदा. अक्कांकडे पाच वेळा. जाता येता जो तो त्याचं पोट दाबून जायचा. अक्कांच्या टेबलावर असला की जरा जास्तच, कारण अक्का चिडायच्या नाहीत, नुसत्या कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायच्या. अनोळखी माणसांच्या मेली उघडणं हेच अक्कांचं काम होतं. त्या स्वागताला बसायच्या. हॉस्पिटलची मापं त्यांच्याकडेच यायची. त्यांनी मेल उघडली नाही तर काम अडायचं, उघडली तर मासा यायचा. हा हिशेब कुणी कधी मांडला नाही. साहेबसुद्धा तीनदा गळाला लागले होते. पण साहेबांच्या टेबलावर फायली फार, माशाला जागा कुठली? कुलूपबाईनं त्यांच्या तिन्ही नोंदी यादीतून हळूच पुसल्या होत्या. ते तिला, साहेबांना आणि बहुतेक सगळ्यांनाच ठाऊक होतं.

भाऊसुद्धा घरी ताटावर बसताना विचारायचा, “काय अक्का, मासा आला का नवीन?” त्याला वाटायचं ही थट्टा म्हणजे लाड. अक्का म्हणायच्या, “आला की. तुझ्या बायकोनंच पाठवलाय.” आणि तिघंही हसायची. अक्का सगळ्यांत शेवटी.

त्या गुरुवारी दहा पंचवीसला अक्कांनी एक मेल उघडली. ‘नवीन पेशंटची मापं, तातडीचं.’ हॉस्पिटलचं नाव बरोबर, खालची सही बरोबर. फाइल उघडली तर आत काहीच नव्हतं. पडदा क्षणभर काळा झाला, कर्सर गोल फिरला आणि सगळं जिथल्या तिथे आलं.  अक्का पदर सावरून उठल्या.

साडेदहाचा चहा कुलूपबाईच्या खोलीत व्हायचा. सर्व्हरसाठी गारवा ठेवलेली ती एकच खोली. काका होते, शिवणकरीण होती, साहेबही पेला घेऊन दारापाशी टेकले होते. मासा त्या आठवड्यात मोकळा होता, कुलूपबाईच्या टेबलावर. अक्का दारात आल्या. साहेब जरा बाजूला सरकले. अक्कांनी तोंड उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. काय ते कुलूपबाईला दिसलंही. पण तिच्या मनात एक विनोद आधीच तयार झाला होता, आणि तयार विनोद गिळणं तिला कधी जमलं नाही.

 तिनं फक्त मासा उचलला, अक्कांच्या दिशेनं धरला आणि त्याचं पोट दाबलं.

च्यूं.

काकांच्या नाकातून चहा आला. शिवणकरीण भिंतीला टेकून हसली. साहेबसुद्धा “अहो, पुरे!” म्हणत हसले. अक्कांचे कान लाल झाले.

“काय झालं अक्का?” हसू ओसरल्यावर कुलूपबाईनं विचारलं.

“काही नाही गं,” अक्का म्हणाल्या. “चहा उरलाय का बघायला आले होते.” आणि चहा न घेताच गेल्या.

एक वाजता कुलूपबाईनं नेहमीप्रमाणे कपाटातून बॅकअपची डिस्क काढली. तिचा स्वतःचा नियम होता: डिस्क फक्त दर गुरुवारी एक ते दोन जोडायची, मग तार काढून कपाटात, कपाटाला कुलूप. जोडलेली नसेल ती वस्तू चोराला सापडत नाही. नियम शहाणपणाचा होता. दोन डिस्का आलटून पालटून वापरायच्या, असंही तिनं ठरवलं होतं. पण दुसरी मार्चमध्ये मेली, आणि नवीसाठीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर, वजन म्हणून पितळी पाऊल ठेवलेल्या कागदांत पडून होता. तिनं डिस्क जोडली आणि ती डबा खायला गेली. डबा दोघींचा एकच असायचा. त्या दिवशी अक्कांनी भूक नाही म्हणून तिलाच दोन घास जास्त वाढले.

पावणेदोनला शिवणकरणीचा पडदा लाल झाला. मग काकांच्या मशीनचा. मग सगळे. ‘तुमच्या फायली आमच्याकडे सुरक्षित आहेत,’ अशी सुरुवात होती. खाली रक्कम होती आणि उलटं मोजणारं घड्याळ. कुलूपबाई धावली. तिनं तारा ओढून काढल्या, इतक्या जोरात की एक खोका भिंतीवरून सुटून खाली आला. मग सर्व्हरच्या पुढ्यात गुडघे टेकून बसली आणि तिला डिस्क दिसली. जोडलेली. तिच्यावरचा निळा दिवा निवांत लुकलुकत होता. अकराशे माणसांची मापं, आणि एकाही फाइलचं नाव ओळखू येत नव्हतं.

“माझ्या हातानं जोडली,” ती म्हणाली. पण इतक्या हळू की ते फक्त सर्व्हरनं ऐकलं.

त्या दुपारी तीनला एका शिक्षिकेला पाय मिळायचा होता. ती वेळेआधीच आली होती, नवे बूट पिशवीत घेऊन. दोन्ही, कारण आता दोन लागणार होते. मशीनमध्ये तिची वाटी अर्धीच कोरलेली राहिली होती. पेशंटला सांगायचं काम स्वागताचं, म्हणजे अक्कांचं. काचेतून कुलूपबाईला दिसत होतं, अक्का तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि काहीतरी बोलत राहिल्या.

“म्हणजे परत माप?” शिक्षिकेचा आवाज मात्र आतपर्यंत आला. “परत ते सगळं दाबून? अहो, टाके आत्ता कुठे सुकलेत. आणि शाळेत सांगून ठेवलंय मी, सोमवारी उभी राहून शिकवीन म्हणून. मुलांनी फळा खाली घेतलाय माझ्यासाठी, तो परत वर लावणार होते.”

अक्कांनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, बुटांची पिशवी उचलली आणि कुबड्यांवर निघाली. दारापाशी पिशवी निसटली. अक्का वाकायच्या आत तिनं एक बूट कुबडीनं ढकलून दिला. “राहू दे. एकाचंच काम आहे.”

शुक्रवारी कुलूपबाईनं माग काढला. मेलींची नोंद बाहेरच्या कंपनीकडे असायची, ती शाबूत होती. कुणाचं मशीन, कोणती मेल, किती वाजता, सगळं सरळ रांगेत. तिला शोधायला अर्धा तास पुरला. पुढचा अर्धा तास ती कागद हातात धरून बसली.

संध्याकाळच्या बसमध्ये नेहमीसारख्या दोघी शेजारी बसल्या. खिडकी अक्कांची, पिशवी मांडीवर.

“सापडलं का गं?”

“वेळ सापडली.”

“किती?”

“दहा पंचवीस.”

“हं,” अक्का म्हणाल्या. दहा पंचवीस आणि साडेदहाचा चहा यांत किती अंतर आहे हे मोजायला दोघींनाही बोटं लागत नव्हती.  उतरताना अक्कांनी तिच्या खांद्याची सुटलेली पिन नीट लावली.

घरी भावानं विचारलं, “अक्का, झालं काय नक्की?”

“वय झालं रे,” अक्का म्हणाल्या. “बोट नको तिथे पडतं.”

“तू तरी बघायचंस ना हिच्याकडे,” तो बायकोला म्हणाला. कुलूपबाईनं त्याच्या ताटात भाजी वाढली. नको म्हणाला तरी वाढली.

शनिवारी साहेबांनी तिला बोलावलं. साहेब वाईट नव्हते. संस्थेच्या मंडळाला अहवाल द्यायचा होता, आणि मंडळाला अहवालात एक नाव लागतं.

“बसा मॅडम. पाच वेळा ताकीद दिली होती ना त्यांना? माशाची नोंद आहे?”

“आहे.”

“तेवढं जोडा. म्हणजे आपण निष्काळजी नव्हतो हे दिसेल.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. “आणि उघडल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. बरोबर?”

कुलूपबाईनं टेबलाकडे बघितलं. पितळी पाऊल जागेवर होतं, पण त्याच्या खाली आता एकही कागद नव्हता. डिस्कचा अर्ज गायब होता. तिनं वर बघितलं तर साहेब तिच्याकडेच बघत होते. त्यांना कळलं की हिला कळलं. गुरुवारी दारात अक्कांना जागा करून द्यायला सरकलेला माणूस हाच होता.

“बरोबर?” साहेबांनी पुन्हा विचारलं. या वेळी जरा प्रेमानं.

तिला आठवलं ते काय, तर बारा वर्षांपूर्वी ती इथे कागद लावायची तेव्हा लोक तिला ‘अक्कांची भावजय’ म्हणायचे. आता तसं कुणी म्हणत नव्हतं.

“बरोबर,” ती म्हणाली. अहवालही मग तिलाच लिहायला सांगितला. तिचं लिहिणं नीटनेटकं असायचं.

सोमवारी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बसवलं. याच टेबलावर वाट्या तासायचे, त्यामुळे कडेला पांढरी भुकटी असायचीच. साहेबांच्या बाह्यांना लागली. अक्का स्वच्छ इस्तरीची साडी नेसून आल्या होत्या. निवृत्तीला आठ महिने होते. काढून टाकलं की बत्तीस वर्षांवर बोळा फिरणार होता, निवृत्तिवेतनासकट. हे अक्कांना माहीत होतं. बसमध्ये येताना त्या म्हणाल्या होत्या, “आता सकाळची घाई नाही. तुझा डबा मी निवांत भरून देत जाईन.” आणि कुलूपबाई खिडकीबाहेर बघत राहिली होती, खिडकी तिच्या बाजूला नसतानाही.

साहेबांनी अहवाल वाचला. वयोमान. पाच पूर्वसूचना. प्रत्येक मुद्द्याला काका मान हलवत होते, नको तितकी. शिवणकरीण बोटावरची सुईची भोकं मोजत होती.

“कुणाला काही म्हणायचंय?” साहेबांनी विचारलं.

“माणसाकडून होतं,” काका म्हणाले. मग घाईनं, “म्हणजे, व्हायला नको होतं.”

“मी पण कधी कधी न बघता उघडते,” शिवणकरीण म्हणाली, आणि साहेबांनी बघितल्यावर, “पूर्वी. पूर्वी उघडायचे.”

“मॅडम?”

कुलूपबाईनं नुसती मान हलवली. सही आधीच केलेली होती; निळी, ठसठशीत.

“अक्का, तुम्ही इथे सही करा. वाचलं आणि मान्य आहे, एवढंच.”

अक्कांनी पर्समधून चष्मा काढला. त्या प्रत्येक कागद वाचून सही करायच्या, पगाराचासुद्धा. त्यावरून त्यांची थट्टा व्हायची. ओळीखाली बोट धरून त्या वाचू लागल्या. वयोमान हा शब्द ओलांडून बोट पुढे गेलं. पाच वेळाही ओलांडलं. संस्थेचं नुकसान, रुग्णांना झालेला त्रास. इथे बोट जरा थांबलं, मग मान हलवून तेही गेलं. शेवटच्या परिच्छेदात ते थांबलं ते थांबलंच.

“हे कुणी लिहिलं?”

“कुठलं?” साहेब म्हणाले.

“‘घटनेनंतर संबंधित महिलेने कोणासही कळवण्याचा कोणताही प्रयत्न केला नाही.’” अक्कांनी शाळेतल्यासारखं सावकाश वाचलं. “मेल मी उघडली. ते मान्य. वय झालं, तेही मान्य. त्या बाईंचा पाय माझ्यामुळे गेला, हे तर मला झोपेतसुद्धा मान्य आहे. सगळ्याला सही करते. एवढी एक ओळ खोडा.”

“अहो, एका ओळीनं काय फरक पडतो? निर्णय तोच राहणार.”

“तोच राहू द्या. ओळ खोडा.”

“कारण काय पण?”

खोलीत भुकटीचा वास होता. काकांनी खोटा पाय टेबलाखाली ओढून घेतला, त्याचा सांधा करकरला. शिवणकरीण खिडकीकडे बघू लागली. साहेब पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. कुलूपबाईनं टेबलाची कड धरली होती. तिला वाटलं, आत्ता बोलावं. वाक्य तयार होतं, तोंडात होतं, अगदी त्या दिवशीच्या विनोदासारखं. आणि हे मात्र तिनं गिळलं.

अक्का तिच्याकडे बघत होत्या. वाट बघत होत्या. बस चुकल्यावरसुद्धा माणूस थोडा वेळ थांब्यावर उभा राहतो, तशा. मग त्यांनी चष्मा काढला, घडी घातली आणि कागद टेबलावरून भावजयीकडे सरकवला.

“मी आले होते गं,” अक्का म्हणाल्या. “सांगायलाच आले होते. तू मासा वाजवलास, आणि तुम्ही सगळे हसलात.”